६१७४ : सात फेऱ्यांचं गणित स्वतःच्या हातानं कसं पडताळायचं

चार अंकी संख्या घ्यायची (चारही अंक सारखे नसलेली), तिचे अंक उतरत्या क्रमानं लावायचे, मग चढत्या, आणि पहिल्यातून दुसरी वजा करायची. ही झाली एक फेरी. उत्तरावर पुन्हा पुन्हा तेच केलं की शेवटी ६१७४ येतं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या वहीत १९०५ या संख्येला ६१७४ पर्यंत पोचायला दहा फेऱ्या लागल्या. सातच्या वर फेरी लागत नाही असं जिथे पाहावं तिथे लिहिलेलं, आणि माझ्यासमोर दहा. कुकर कधीचा बंद करून ठेवला होता आणि मी त्याच वजाबाक्या वरून खाली वाचत होते. चूक सापडली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, पाचव्या फेरीत.

आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी पाचवी ते आठवीची मुलं माझ्याकडे गणिताला बसतात. त्यांना ६१७४ शिकवायचं ठरवलं तेव्हा मी जिथे जिथे अडखळले, ते सगळं इथे क्रमानं लिहिते आहे. या संख्येची गंमत ऐकून कळत नाही. ती हातानं करावी लागते, आणि करून झाल्यावर "असं का होतं?" हेही शाळेच्याच गणितानं उलगडतं. बहुतेक जण गंमत बघून थांबतात. तुम्ही थांबू नका, एवढ्यासाठी हा लेख.

आधी ज्यांची ही संख्या, त्यांच्याबद्दल. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणू. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकताना १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळवलं. पुढे बी.एस्सी. झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. ६१७४ चा गुणधर्म त्यांना १९४६ मध्ये सापडला, १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला, आणि १९५५ मध्ये त्यावरचा लेख छापून आला. जगभर नाव झालं ते १९७५ मध्ये, अमेरिकेतले गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिल्यावर. तोवर त्यांना निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती.

काय काय लागेल

चौकटीची वही. साधी रेघांची चालत नाही असं नाही, पण अंक एकाखाली एक आले नाहीत तर वजाबाकी चुकते, आणि या कामात चूक लगेच दिसत नाही (ते पुढे सांगते). पेन्सिल, खोडरबर, दोन रंगांची पेनं. सहाव्या टप्प्यासाठी एक मोठा कागद. जुन्या कॅलेंडरची मागची बाजू उत्तम. कॅल्क्युलेटर सुरुवातीला नको.

येणं काय आवश्यक आहे? हातच्याची वजाबाकी. बस. आठवीचं बीजगणित येत असेल तर पाचवा टप्पा सोपा जाईल, नसेल तरी अडत नाही.

१. चार अंकी संख्या निवडा

कुठलीही. अट एकच: चारही अंक सारखे नकोत. ४४४४ घेतलीत तर ४४४४ मधून ४४४४ गेले, शून्य. तीन सारखे आणि एक वेगळा चालतो.

मुलांबरोबर करणार असाल तर गाड्यांच्या नंबर प्लेटा घ्या. तिथे चार अंक आयते मिळतात आणि ०००७ सारखेही मिळतात, जे आपल्याला मुद्दाम हवेच आहेत. जन्मसाल, मोबाईलचे शेवटचे चार अंक, काहीही.

२. उतरता क्रम, चढता क्रम, वजाबाकी

अंक मोठ्यापासून लहानापर्यंत लावा. मग लहानापासून मोठ्यापर्यंत लावा. पहिल्यातून दुसरी वजा करा. जे उत्तर येईल त्याचं पुन्हा तेच. ३५२४ घेऊ:

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

तीन फेऱ्या. आता ६१७४ वर तेच करा: ७६४१ − १४६७ = ६१७४. इथून पुढे हलणार नाही.

इथली नेहमीची चूक: मुलं संख्या नुसती उलटी करतात. ३५२४ ची उलटी ४२५३, आणि ४२५३ − ३५२४ करून मोकळी होतात. उलटी करायची नाही, अंकांचा क्रम लावायचा आहे. फळ्यावर "उतरता" आणि "चढता" हे दोन शब्द लिहूनच ठेवा.

पहिल्या दिवशी मी वर्गाला १६३० दिलं. ६३१० − ०१३६ = ६१७४, एका फेरीत. शिवाजी महाराजांचं जन्मवर्ष आहे हे एका मुलीच्या लगेच लक्षात आलं, आणि तिनं राज्याभिषेकाचं १६७४ मागितलं. त्यात तर १, ६, ७, ४ हेच अंक! वर्गात जो गलका झाला तो मला अजून ऐकू येतो. पण तिथेच मुलांना सांगावं लागतं की हा योगायोग आहे. राज्याभिषेकाचा शक १५९६; तो घेतला तर ९६५१ − १५६९ = ८०८२, मग ८५३२, मग ६१७४, म्हणजे तीन फेऱ्या. कालगणना बदलली की योगायोग गेला, ६१७४ मात्र राहिलं.

३. पुढचं शून्य सोडू नका

सर्वात जास्त मंडळी इथे घसरतात. माझ्या भाचीनं २१११ घेतलं. २१११ − १११२ = ९९९ आलं. तिनं ९९९ मधून ९९९ वजा केले आणि वहीत मोठा भोपळा काढून माझ्यापुढे धरला, "मावशी, हे बघ, नाही होत."

होतं. आपण चार अंकांचा खेळ खेळतो आहोत, त्यामुळे उत्तर ०९९९ असं लिहायचं:

२१११ − १११२ = ०९९९
९९९० − ०९९९ = ८९९१
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

पाच फेऱ्या. चौकटीच्या वहीत प्रत्येक संख्येला चार चौकटी राखून ठेवल्या की ही चूक होत नाही. रिकामी चौकट दिसली की तिथे शून्य.

४. प्रत्येक फेरीनंतर "दहा आणि आठ" तपासा

माझ्या दहा फेऱ्यांची गोष्ट इथे येते. खरं गणित असं आहे:

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

बरोबर सात. पाचव्या फेरीत मी शतकाच्या घरातून एक उसना घेतला आणि तिथे नऊचे आठ करायला विसरले. ६२६४ ऐवजी ६३६४ लिहिलं गेलं. तिथून ३१७७, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि मग ६१७४. दहा फेऱ्या.

यातली मेख नीट लक्षात घ्या. चुकूनही मी ६१७४ लाच पोचले. चुकीचं उत्तरसुद्धा चार अंकीच असतं, आणि चार अंकी संख्या तिथेच जातात. म्हणजे शेवटी ६१७४ आलं हा तुमचं गणित बरोबर असल्याचा पुरावा नाही. हे मला कुठेच लिहिलेलं सापडलं नव्हतं, आणि शिकवणाऱ्यानं तर हे माहीत असायलाच हवं. वर्गात सगळ्यांचं उत्तर ६१७४ आलं म्हणून सगळ्यांना शाबासकी देऊन चालणार नाही, वही बघावी लागेल.

वही पटकन बघायची युक्ती अशी. प्रत्येक फेरीच्या उत्तरात पहिला आणि शेवटचा अंक मिळून १० होतात, मधले दोन मिळून ८. ९३५१ बघा: ९ आणि १ दहा, ३ आणि ५ आठ. ८१७२, ७४४३, ६२६४, ४१७६, सगळीकडे तेच. माझ्या ६३६४ मध्ये ३ आणि ६ नऊ होतात. तिथेच पकडले गेले असते.

अपवाद एकच. क्रम लावल्यावर मधले दोन अंक सारखे असतील (७४४३ सारखे), तर उत्तराच्या मध्ये ९९ येतात आणि पहिला-शेवटचा मिळून ९ होतात: ३९९६, ०९९९. पडताळ्याला पाच सेकंद लागतात. दुसऱ्या रंगाचं पेन यासाठीच.

५. वजाबाकीच्या आत काय चाललंय ते बघा

दहा आणि आठ का? इथे थोडं सावकाश वाचा, हाच भाग सगळ्यात सुंदर आहे.

५४३२ − २३४५ पुन्हा घ्या. सगळ्यात मोठा अंक ५. तो वरच्या संख्येत हजाराच्या घरात आहे, खालच्या संख्येत एककाच्या. म्हणजे ५ हजार आले आणि ५ गेले: ५ × ९९९. सगळ्यात लहान अंक २ चं नेमकं उलट: २ आले आणि २ हजार गेले, म्हणजे २ × ९९९ वजा. दोन्ही मिळून (५ − २) × ९९९. मधल्या दोघांचं तसंच, फक्त शतक आणि दशकाच्या घरात: (४ − ३) × ९०.

मोठ्या-लहानाच्या वजाबाकीला मी "बाहेरचा फरक" म्हणते आणि मधल्या दोघांच्या वजाबाकीला "आतला फरक". तर:

उत्तर = बाहेरचा फरक × ९९९ + आतला फरक × ९०

३ × ९९९ = २९९७, त्यात ९० मिळवले, ३०८७. बरोबर.

याचा अर्थ असा की अंक कुठले होते याला महत्त्वच उरत नाही, फक्त दोन फरक उरतात. १९४६ (कापरेकरांना गुणधर्म सापडला ते वर्ष), १९७५ (गार्डनर यांनी लिहिलं ते वर्ष) आणि १९८६ (कापरेकर गेले ते वर्ष), तिन्हींमध्ये बाहेरचा फरक ८ आणि आतला २. तिन्हींचं पहिलं उत्तर ८१७२. आणि वर पाहा, त्यांच्या जन्मवर्षाची वाटही दुसऱ्या फेरीत ८१७२ वरूनच जाते.

९९९ आणि ९० दोघांनाही ९ नं भाग जातो, म्हणून प्रत्येक उत्तर ९ च्या पटीत. आतला फरक शून्य नसेल तर उत्तराचे चार अंक डावीकडून असे पडतात: बाहेरचा फरक, आतला फरक वजा १, ९ वजा आतला फरक, १० वजा बाहेरचा फरक. पहिला-चौथा मिळवा, १०. दुसरा-तिसरा मिळवा, ८. आपला पडताळा इथून आला. आणि ६ नि २ घातलेत तर? ६, १, ७, ४.

६. ५४ ओळींचा तक्ता करा

आता कॅलेंडर पाठकोरं घ्या. बाहेरचा फरक १ ते ९ पैकी काहीही असू शकतो. आतला फरक शून्यापासून बाहेरच्या फरकापर्यंत, त्याहून मोठा नाही, कारण मधले अंक टोकांच्या आतच असतात. म्हणजे बाहेरचा १ असेल तर दोन शक्यता, २ असेल तर तीन, असं ९ ला दहा. २ पासून १० पर्यंतची बेरीज ५४.

दहा हजार संख्या तपासायचं काम ५४ ओळींवर आलं. एका रविवारी मावतं.

प्रत्येक ओळीत चार गोष्टी लिहा: बाहेरचा फरक, आतला फरक, उत्तर, आणि त्या उत्तराचे पुन्हा बाहेरचा-आतला फरक. नमुना:

८, २ → ८१७२ → ७, ५
७, ५ → ७४४३ → ४, ०
४, ० → ३९९६ → ६, ३
६, ३ → ६२६४ → ४, २
४, २ → ४१७६ → ६, २
६, २ → ६१७४ → ६, २

सगळ्या ओळी झाल्या की मोठ्या कागदावर ५४ जोड्यांची वर्तुळं काढा आणि प्रत्येकातून तिच्या पुढच्या जोडीकडे बाण. उपनद्या गोदावरीला मिळाव्यात तसं चित्र तयार होतं; सगळे बाण शेवटी "६, २" मध्ये उतरतात, आणि स्वतःकडेच परत येणारा बाण असलेलं वर्तुळ तेवढं एकच. कुठल्याही जोडीपासून "६, २" पर्यंत सहापेक्षा जास्त बाण लागत नाहीत. शेवटची एक वजाबाकी धरली की सात. झाली सिद्धता! कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायची गरज उरली नाही.

सूचना दोन. एक, "१, ०" या ओळीपासून सुरुवात करू नका. तिथे ०९९९ येतं आणि नवशिक्याचा गोंधळ उडतो. ५ पासून करा. दोन, काही उत्तरांचे अंक तेच असतात, फक्त जागा बदललेल्या (८५३२ आणि ८३५२), त्यामुळे त्यांचे पुढचे फरकही तेच. असे गट धरले तर ५४ चे ३० च उरतात आणि काम जवळजवळ निम्मं होतं. माझ्या हे चाळीस ओळी लिहून झाल्यावर लक्षात आलं.

एक्सेलमध्ये करायचं असेल तर चार अंक चार वेगळ्या रकान्यांत ठेवा, म्हणजे पुढचं शून्य हरवत नाही. 'लार्ज' हे फंक्शन पहिला, दुसरा, तिसरा, चौथा मोठा अंक काढून देतं. बाकी वरचं सूत्र. पण हे आधी हातानं करून झाल्यावर.

पडताळायला आकडे देऊन ठेवते. ०००० ते ९९९९ मधून सारख्या अंकांच्या दहा संख्या वगळल्या तर ९९९० उरतात. खुद्द ६१७४ सोडून एका फेरीत पोचतात ३८३, दोन फेऱ्यांत ५७६, तीन फेऱ्यांत २४००, चारमध्ये १२७२, पाचमध्ये १५१८, सहामध्ये १६५६, सातमध्ये २१८४.

७. पाच अंकांवर जाताना जपून

मुलं लगेच विचारतात, तीन अंक घेतले तर? पाच घेतले तर? तीन अंकांना ४९५ मिळतं, जास्तीत जास्त सहा फेऱ्यांत. १०० घेऊन बघा: ०९९, ८९१, ७९२, ६९३, ५९४, ४९५.

दोन अंकांना मुक्कामच नाही. ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९, असं चक्र फिरत राहतं. पाच अंकांनाही एकच ठरलेली संख्या नाही, तीन वेगवेगळी चक्रं आहेत. त्यातलं सर्वात छोटं ५३९५५ आणि ५९९९४ यांचं, एकमेकांकडे टोलवाटोलवी. "प्रत्येक लांबीला एक कापरेकर स्थिरांक (६१७४ सारखी मुक्कामाची संख्या) असतो" असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे. सहा अंकांना दोन आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४, आणि त्याशिवाय एक चक्रही. पिनकोड घेऊन बसणार असाल तर हे आधी माहीत असू द्या.

८. आता खुद्द ६१७४ कडे वळा

अवयव पाडा: २ × ३ × ३ × ७ × ७ × ७. अंकांची बेरीज १८. आणि ६१७४ ला १८ नं भागलं तर ३४३, म्हणजे ७ चा घन. अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनीच "हर्षद" म्हटलं, हर्ष देणाऱ्या. शिवाय १८ + १८ चा वर्ग + १८ चा घन करा: १८ + ३२४ + ५८३२. किती येतात ते वहीत लिहूनच बघा.

त्यांचीच दुसरी कल्पना "स्वयंभू" संख्यांची. कुठल्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते: २१ मध्ये ३ मिळवले, २४ झाले, २१ ही २४ ची जनक. जिला जनक नाही ती स्वयंभू. ६१७४ स्वयंभू आहे का? नाही. ६१५६ मध्ये ६ + १ + ५ + ६ = १८ मिळवा, ६१७४. मग ६१५६ ची जनक कोण? ६१३८, पुन्हा १८ मिळवून. आणि ६१३८ ची?

शोधायची पद्धत सांगते. ६१३८ ला ९ नं भाग जातो, त्यामुळे जनकालाही जायला हवा आणि तिच्या अंकांची बेरीज ९, १८ किंवा २७ असायला हवी. (३६ ही सर्वात मोठी शक्य बेरीज फक्त ९९९९ ची, तिचा इथे संबंध नाही.) तीनच उमेदवार उरतात: ६१२९, ६१२० आणि ६१११. ६१२९ च्या अंकांची बेरीज ९ हवी, आहे १८. ६१२० ची १८ हवी, आहे ९. ६१११ ची २७ हवी, तीही ९ च. म्हणजे ६१३८ ला जनक नाही. ६१७४ पासून दोन पिढ्या मागे गेलं की स्वयंभू लागते.